पाचव्या रांगेची पूर्व कड

१

नळी फुटली तेव्हा फिटर तिच्या अगदी शेजारून चालत होता. डॉक्टर म्हणाले, त्याला आवाजही ऐकू आला नसेल. खरं असो वा नसो, मी त्याच्या घरच्यांना तसंच सांगितलं. माझी बायको गेली तेव्हा मलाही कुणीतरी असंच काही सांगितलं होतं, आणि त्याचा उपयोग झाला होता.

मी बॉयलर तपासनीस. वाफेने माणूस मेला की मला बोलावतात.

हा कारखाना उन्हावर वीज करतो. उघड्या माळावर आरशांच्या लांबच लांब रांगा आहेत, प्रत्येक रांग पन्हळीसारखी वाकलेली. पन्हळीच्या मधोमध एक काळी नळी जाते, तिच्यावर काचेचं वेष्टन. आरसे दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरतात आणि सगळं ऊन त्या नळीवर पाडतात. इतर ठिकाणी नळीत तेल असतं, ते तेल पुढे जाऊन पाणी तापवतं. इथे मधला दलाल नाही. पाणीच नळीत जातं आणि तिथल्या तिथे त्याची वाफ होते. काम स्वस्तात होतं, पण नळीला जपावं लागतं. म्हणून इथल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ आहे: पाणी आधी, ऊन मग. नळीत पाणी खेळतंय याची खात्री झाल्याशिवाय आरसे सूर्याकडे वळवायचे नाहीत.

त्या सकाळी पाचव्या रांगेचे आरसे सूर्याकडे वळवले ते कंट्रोल रूममधल्या ऑपरेटर बाईने. ती फिटरची बायको होती.

२

"सरळ प्रकरण आहे," कारखान्याचा इनचार्ज म्हणाला. त्याचा एक गाल सुजला होता आणि बोलताना तो त्यावर हात ठेवत होता. "हिने ऊन आधी दिलं. नळी तापली, मग तिच्यात पाणी गेलं, फुटली. पंपवाला सांगतोय, पाण्यासाठी तिचा फोन आलाच नाही."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, फोन केला, तो हो म्हणाला, मगच वळवले. आता फोनवरचं बोलणं ऐकलंय कुणी? रांगेवर पाण्याचा मीटर होता, तो कधीचा बिघडून पडलाय."

"वाफेचं तापमान?"

"ते रांगेच्या टोकाला मोजतो आम्ही. तिथे सगळं ठीक होतं."

"टोकाला ठीक असतं. मध्ये नळीचं काय झालंय ते टोकाला कळत नाही," मी म्हणालो. "पंपवाला खोटं बोलत असेल तर?"

"तो? अहो, मेलेला त्याचा सख्खा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर ह्यानेच वाढवला त्याला." इनचार्जने आवाज खाली आणला. "आणि आदल्या दिवशी फाटकाशी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. शंभर माणसांनी पाहिलं."

"म्हणजे तिने मुद्दाम केलं?"

"मी कुठे म्हणतोय? पोलीस म्हणतील. तुमच्या अहवालासाठी थांबलेत ते. तुमची सही झाली की तिला नेतील."

टेबलावर फिटरची पिशवी होती. पाने, सुताचा बोळा आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं एक कोरं बेअरिंग.

"आरशांच्या रांगेवर हे कुठे लागतं?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग पाचव्या रांगेवर त्याला काय काम दिलं होतं?"

इनचार्जने गालावरचा हात काढला. "तेच कळत नाही. त्याची पाळीच नव्हती. तो त्या दिवशी सुट्टीवर होता."

३

ऑपरेटर बाई स्वतःच्या घरी नव्हती. सासूने तिला बाहेर काढून दार लावून घेतलं होतं. ती शेजारच्या खोलीत होती. तिथे आरसे धुणाऱ्या बायकांची मुकादम राहते.

"या साहेब, या," मुकादम म्हणाली. "खोली म्हणजे काडेपेटी. तुम्ही बसलात की मी उभी राहणार, पण उभं राहायची मला सवय आहे." तिने एकच खुर्ची माझ्याकडे सरकवली. "पोरगी आत, आई बाहेर. पाच वर्षांचं लेकरू हो! काल भिंतीपलीकडून हाका मारत होतं. आणि ही इथे तोंडात पदर कोंबून बसलेली. म्हातारीला मी बोलले, अहो, कोंबडीलासुद्धा पिल्लं पोटाखाली घेऊ देतात. तर म्हणाली, माझ्या पोराला खाल्लं तिने, नातीला नाही देणार."

"भांडण तुम्ही ऐकलं?"

"ऐकायला लागतंय कशाला, गावाने ऐकलं. ही म्हणत होती, 'किती दिवस झाकणार तुम्ही?' झालं! आमच्या बायकांना तेवढं पुरे. म्हणाल्या, बाहेर काहीतरी लफडं असणार त्याचं. मी म्हटलं, कामाचं बघा. त्या संध्याकाळी पाचवी रांग धुवायची होती. नळीवरची काच धुरकट, कितीही घासा, निघेना. मी पोरींना म्हटलं, तोंडं चालतात तेवढे हात चालवा, नाहीतर सासरी कोण ठेवून घेणार तुम्हाला!" मग तिला आपण कुणासमोर बोलतोय ते आठवलं आणि तिने जीभ चावली.

ऑपरेटर बाई भिंतीला टेकली नव्हती. ताठ बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. असे डोळे मला माहीत आहेत. लोक म्हणतात, रडत नाही म्हणजे दुःख नाही.

"मी पाणी मागितलं," ती म्हणाली. "मोठे भाऊजी म्हणाले, सोडलंय. मग मी आरसे वळवले. वेगळं काही सांगायला नाही माझ्याकडे."

"भांडण कशावरून?"

"ते नाही सांगणार."

"बाई, तुमच्या जिवाशी आलंय."

"माझ्या जिवाचं मला काही नाही. तिचं काय ते सांगा." तिने भिंतीकडे बोट केलं. "मला नेलं तर ती आजीपाशी वाढेल. रोज ऐकेल, तुझ्या आईने तुझ्या बाबांना मारलं. पुढे मी परत आले तरी मला दार कोण उघडणार?"

"मग बोला ना."

"तिच्या बाबांनी मला तिची शपथ घातलीय. तिच्या डोक्यावर हात ठेवून." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या घरी कोण असतं, साहेब?"

"बायको होती. आता कुणी नाही."

"मग तुम्हीच सांगा. मोडू?"

मी खुर्चीवरून उठलो. पण झाकायचं होतं ते तिच्या नवऱ्याचं स्वतःचं नव्हतं, एवढं मला समजलं. स्वतःच्या चुकीसाठी माणूस लेकीची शपथ घालत नाही. मग कुणाचं?

४

पंपघर पाचव्या रांगेच्या टोकाशी आहे. आत शिरलं की उजव्या हाताला पाण्याची चाकं आहेत, प्रत्येक रांगेचं एक. पाचवी रांग शेवटची, म्हणून तिचं चाक दाराशी पहिलं. ते बंद होतं. बाकीच्या चार रांगा चालू होत्या आणि पंप बारीक किंचाळत होता.

पंपवाला स्टुलावर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कोण?" त्याने विचारलं.

"तपासनीस."

"या, या. बसा." त्याने किटलीतला चहा ओतून पेला माझ्या दिशेला ठेवला. "धाकटी वाईट नव्हती हो. मीच बघून आणली होती तिला. आता तिच्यावर बोट ठेवताना माझी जीभ झडावी. पण खरं ते खरं. फोन आला नाही."

"फोन आला नाही, तरी पाणी सोडलंत?"

"नेहमीची वेळ झाली म्हणून सोडलं. तोवर तिने आरसे वळवले होते. मला इथून काय दिसणार?"

"पंप ओरडतोय."

"म्हातारा झालाय, माझ्यासारखा. ओरडल्याशिवाय दिवस जात नाही." तो हसला, मग हसल्याची लाज वाटल्यासारखा थांबला. "बेअरिंग मागच्याच आठवड्यात बदललंय."

"कोणी?"

"मीच. दुसरं कोण?"

"तुमचा भाऊ सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी इकडे का येत होता?"

"भेटायला येत असेल."

"रोज भेटत होता ना घरी? एकाच घरात राहता तुम्ही."

त्याचा हात हलला आणि चहाचा पेला लवंडला. चहा टेबलाच्या डाव्या बाजूने खाली गळायला लागला. पंपवाल्याने फडकं घेतलं आणि उजवी बाजू पुसायला लागला. तिथे एक थेंबही नव्हता. तो बराच वेळ ती कोरडी फळी पुसत होता.

५

मी इनचार्जला सांगितलं, पाचवी रांग आकाशाकडे तोंड करून उभी करा. ऊन उतरेपर्यंत थांबलो, मग शिडी लावून वर गेलो.

नळी लांबीत फाटली होती. फाटलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना, पुढे आणि मागे, नळीवर एक पट्टा गेला होता. तेवढ्या पट्ट्यात काळा रंग जळून राख झाला होता आणि लोखंड फुगलं होतं. पट्टा एकाच कडेला होता. त्या बाजूला हात करून मी विचारलं, "ही कुठली दिशा?"

"पूर्व," इनचार्ज खालून म्हणाला. "का?"

मी खाली उतरलो. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. ती घेऊन मी आडवी धरली.

"ही नळी समजा. पाणी कमी आहे. ते खाली बसतं, वरती नुसती वाफ. पाण्याची बाजू गार राहते, वाफेची बाजू करपते. बरोबर?"

"बरोबर."

"सकाळी पन्हळ पूर्वेकडे तोंड करून कलंडलेली असते. तेव्हा तिची कुठली कड वर असते?"

त्याने हाताची पन्हळ करून बघितली. "पश्चिमेची."

"नळी पन्हळीबरोबरच फिरते. तिने सकाळी पाण्याआधी ऊन दिलं असतं, तर नळीची पश्चिमेची कड करपली असती. नळी साफ कोरडी असती तर आरशाकडची अख्खी बाजू गेली असती. पण करपलीय नुसती पूर्वेची. ती वर केव्हा येते?"

इनचार्जचा हात तसाच हवेत राहिला. हळूहळू त्याने तो पश्चिमेकडे कलंडवला. "दुपारनंतर."

"नळी फुटली सकाळी. पण ती मेली आदल्या दुपारी. त्या संध्याकाळी धुणाऱ्या बायकांना काच धुरकट दिसली, घासून निघेना. ती धूळ नव्हती. आतून जळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण दाबाचं पाणी आलं, वाफ झाली, आणि फुगलेलं लोखंड फाटलं. ऑपरेटर बाईने सगळं नियमाने केलं होतं." मी बाटली त्याला परत दिली. "आदल्या दुपारी कंट्रोल रूममध्ये कोण होतं?"

त्याचा हात गालावर गेला.

"मी," तो म्हणाला.

६

तोही काही लपवत होता, पण वेगळ्या कारणाने. दाढ ठणकत होती, म्हणून तो न सांगता दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. कंट्रोल रूम रिकामी होती. आरसे आपोआप सूर्यामागे फिरत राहिले.

"माझी नोकरी जाणार," तो म्हणाला.

"जाईलही. पण नळी तुम्ही जाळली नाही. तुमच्या खोलीतून फक्त पंप हळू करता येतो. पंप हळू केला असता तर पाचही रांगा करपल्या असत्या. चौथी, तिसरी मी पाहिली. स्वच्छ आहेत. फक्त पाचवीचं पाणी तोडायचं तर हाताने चाक आवळावं लागतं."

आम्ही पंपघरात गेलो. मी फिटरच्या पिशवीतलं बेअरिंग टेबलावर ठेवलं. त्याचा टक्क आवाज झाला आणि पंपवाल्याने मान वळवली.

"सगळी चाकं पूर्ण उघडा," मी म्हणालो. "पाचवीचंही. पाणी फुटक्या नळीतून माळावर जाईल, जाऊ द्या."

"कशाला उगीच?"

"पंपाचं बेअरिंग नवं आहे ना? मग भार घेईल तो."

पंपवाला उठला. न बघता त्याचा हात पाचव्या चाकावर गेला. चाक हातात धरून तो उभा राहिला. पंप किंचाळत होता. इनचार्ज काही बोलणार होता, मी त्याला थांबवलं.

"नाही घेणार," पंपवाला म्हणाला.

"माहीत आहे. कारण बेअरिंग बदललंच नाही. ते हे टेबलावर आहे. तुमचा भाऊ सुट्टीच्या दिवशी, कुणी यायच्या आत, ते बदलायला येत होता. नेहमीसारखा."

तो चाकाला धरूनच खाली बसला.

"मला मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं, माणूस समोर आला की पुसला जातो. बारीक काम सगळं धाकटाच करायचा, आणि मी सांगायचो मी केलं. त्याची बायको चिडायची, आज ना उद्या काहीतरी होईल म्हणायची. तो म्हणायचा, दादाची नोकरी गेली तर दादा आईसमोर बसेल कसा?"

"आणि त्या दुपारी?"

"पंप थरथरायला लागला. बंद पडला असता तर पाचही रांगा गेल्या असत्या. भार कमी करायचा म्हणून मी पाचवीचं चाक आवळलं. हे दाराशी आहे, हाताला सापडतं. पूर्ण नव्हतं आवळलं हो! थोडं पाणी चालू ठेवलं होतं."

"थोडं होतं म्हणूनच घात झाला. अजिबात नसतं तर काचा तिथल्या तिथे तडकल्या असत्या, सगळे धावले असते."

"संध्याकाळी उघडलं परत. टोकाला तापमान ठीक होतं. मला वाटलं, निभावलं."

"भावाला सांगितलंत?"

"पंप ओरडतोय, एवढं सांगितलं. पाचवीचं नाही सांगितलं. रागावला असता." तो थांबला. "सांगितलं असतं तर तो त्या वाटेने आलाच नसता."



"सकाळी फोन आला होता?" मी विचारलं.

"आला होता. तिने पाणी मागितलं. मी दिलं, पूर्ण दिलं."

"मग तिचं नाव का घेतलंत?"

"आईने विचारलं, कुणी केलं," तो म्हणाला. "ती माझ्या अगदी समोर उभी होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तरी नाही सांगता आलं."

७

पोलिसांना फोन मी केला. ते यायच्या आधी मला आईला सांगू द्या, असं पंपवाला म्हणाला. मी हो म्हटलं. आपल्या माणसाबद्दलचं वाईट घरच्यांनी परक्याच्या तोंडून ऐकू नये.

मी ऑपरेटर बाईला बोलावलं आणि आम्ही तिघे तिच्या सासूच्या दारापाशी गेलो. मुकादम तिच्या उंबऱ्यात उभी राहिली.

म्हातारीने दार फटीएवढं उघडलं. सुनेला बघून ते लावायला लागली.

"आई, लावू नको," पंपवाला म्हणाला. "धाकटीने काही केलेलं नाही. मी केलं."

त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोळ्यांचं, पंपाचं, चाकाचं, फोनचं. म्हातारीचा हात कडीवर होता, तो हळूहळू खाली आला. दार आपोआप उघडलं आणि मागून मुलगी बाहेर आली, आजीच्या अंगाला घासून, आणि आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. ऑपरेटर बाई खाली बसली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. मोठ्याने नाही.

"त्याला सांगायला काय झालं होतं तुला?" म्हातारीने मोठ्या मुलाला विचारलं. "रागावला असता. मारलं असतं का त्याने तुला?"



मग म्हातारी सुनेकडे वळली. माफी मागायची तिला सवय नसावी. "धाकटे," ती म्हणाली, "तिला घेऊन जाशील का आता?"

मुलीचे केस विस्कटले होते, ते ऑपरेटर बाई बोटांनी सारखे करत होती.

"घर माझं पण आहे," ती शेवटी म्हणाली. "मी कुठे जाऊ?"

पोलिसांची गाडी आली. दोघे शिपाई उतरले आणि पंपवाल्याला चल म्हणाले. तो निघाला. गाडीचा मागचा दरवाजा उघडा होता, पंपवाला त्याच्या शेजारून पुढे निघून गेला.

"हात धरा त्यांचा," ऑपरेटर बाई शिपायांना म्हणाली. ती जागची उठली नाही. "पायरी उंच आहे. त्यांना दिसत नाही."

शिपायाने त्याला कोपराला धरून वर चढवलं.

"मोठे काका कुठे चाललेत?" मुलीने विचारलं.

म्हातारीने तोंड फिरवलं.

"बाबांचं काय झालं ते सांगायला," तिची आई म्हणाली.